बुडालेल्या जहाजांचा पंचनामा

(पावर हाउस येथील गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार अशी जाणकार मंडळी बोलतात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला आणि पंचविशीपासून लोखंड, तेल आणि ब्रेकची हवा यांच्यातच वावरलेला माणूस. पुरातत्त्व हा काही माझा विषय नव्हे. तरीपण सेक्रेटरी साहेबांनी "तुम्ही त्या जहाजांबद्दल चहाच्या टपरीवर जे सांगता तेच इथे सांगा" असा आग्रह धरला, म्हणून उभा आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

विषय आहे गोव्याच्या नदीमुखाशी बुडालेल्या जहाजांचा. काही वर्षांपूर्वी सुट्टीच्या पासवर कुटुंबासह गोव्याला गेलो होतो. तिथे दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी समुद्रतळावर वाफेच्या इंजिनाचे भाग आणि बॉयलर शोधून काढले आहेत असे कळले आणि माझे कान टवकारले. वाफेचे इंजिन म्हटले की रेल्वेचा माणूस थांबणारच. तेव्हापासून या संस्थेच्या लोकांनी लिहिलेले जे मिळेल ते वाचत आलो.

भिलाईत बसून समुद्राच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण आपण तितके लांब नाही. दुर्गजवळच्या पुलाखालून वाहणारी आपली शिवनाथ महानदीला मिळते आणि ते पाणी हिराकूडमार्गे पारादीपजवळ बंगालच्या उपसागरात जाते. शिवाय २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाचे खास पोलाद सेलच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला येथील कारखान्यांनी दिले. म्हणजे भिलाईचे लोखंड आज समुद्रावर तरंगते आहे. बुडालेल्या लोखंडाची चौकशी आपण करायला काय हरकत आहे?

आता पहिला प्रश्न. जहाजे नदीच्या मुखाशीच का बुडतात? खोल समुद्रात वादळ आले तर जहाजाला इकडेतिकडे सरकायला जागा असते. बंदरात शिरताना ती जागा नसते. आपल्याकडे अपघात मेन लाइनपेक्षा यार्डात जास्त का होतात, याचेही उत्तर काहीसे असेच आहे. पॉइंट, क्रॉसिंग, वळण आणि गर्दी, सगळे एकाच ठिकाणी. नदीमुखाशी त्यात आणखी एक भर पडते. नदी डोंगरातून गाळ आणि वाळू घेऊन येते. समुद्राला मिळताना तिचा वेग मंदावतो आणि ओझे खाली पडते. त्याची पाण्याखाली एक आडवी वाळूची पट्टी तयार होते. ती दरवर्षी थोडी हलते, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट या वर्षी मोकळी असेलच असे नाही. त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह, पश्चिमेचा वारा आणि आसपास खडक.

गोव्यात मांडवी आणि झुआरी या दोन नद्या एकमेकींपासून काही किलोमीटर अंतरावर समुद्राला मिळतात. मांडवीच्या मुखाशी आग्वादची वाळूची पट्टी आहे, आणि पावसाळ्यात जोरदार लाटांमुळे ती वाट धोक्याची होते. झुआरीच्या मुखावर मुरगाव बंदर आहे. ते पावसाळ्यातही वापरता येते, कारण भूशिराने त्याला आडोसा दिला आहे. या दोन नद्यांना आतून कुंभारजुव्याचा कालवा जोडतो, म्हणून पावसाळ्यात झुआरीतून शिरून त्या कालव्याने जुन्या गोव्याला जाण्याची सोय होती. १५१० पासून १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता. लिस्बनहून वसंतात निघालेली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पावसाळ्याच्या अखेरीस इथे पोचत. सहा-सहा महिन्यांचा प्रवास करून आलेले जहाज घर दिसत असताना, शेवटच्या दोन-तीन मैलांत खडकावर जाई. कल्पना करा, हावड्याहून निघालेली गाडी सुखरूप मुंबईपर्यंत यावी आणि प्लॅटफॉर्म दिसत असताना घसरावी.

या जहाजांचा शास्त्रीय शोध आपल्या देशात फार जुना नाही. समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८१ पासून तिथे सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. द्वारकेचे काम सगळ्यांना ठाऊक आहे, वर्तमानपत्रांत खूप आले. पण याच संस्थेच्या लोकांनी पुढे गोव्याच्या समोरच्या समुद्रात बुडालेली जहाजेही तपासली. डॉ. सिला त्रिपाठी, डॉ. ए. एस. गौर, सुंदरेश ही त्यातली नावे. मी आज तीन ठिकाणांबद्दल सांगणार आहे.

पहिले ठिकाण सुंची रीफ. रीफ म्हणजे पाण्याखालचा खडकाळ पट्टा. हा पट्टा झुआरीच्या मुखासमोर आहे. १९९७ पासून इथे शोध झाला. पाणी खोल नाही, दोन-तीन पुरुष इतकेच. तिथे तोफा मिळाल्या, हातबंदुकीची नळी मिळाली, चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे मिळाले, ब्रह्मदेशातल्या मर्तबान भागातून येणाऱ्या मोठ्या रांजणांचे तुकडे मिळाले, घडवलेले दगड मिळाले. आणि त्याबरोबर हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात. पाणघोडा आपल्या देशात नाही, तो आफ्रिकेचा. म्हणजे एकाच जागी चीन, ब्रह्मदेश आणि आफ्रिका. आपण घरात लोणच्याच्या बरणीला 'मर्तबान' म्हणतो ना, हिंदीतही तोच शब्द आहे, तो याच गावाच्या नावावरून आलेला.

भाजलेल्या मातीचे वय काढण्याची एक पद्धत आहे. भट्टीत भाजल्यानंतर मातीतले कण आजूबाजूच्या किरणोत्सर्गातून थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतात. प्रयोगशाळेत तो तुकडा पुन्हा तापवला की साठलेली ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश किती पडला त्यावरून भाजून किती वर्षे झाली त्याचा अंदाज येतो. या पद्धतीने आणि भांड्यांच्या नक्षीवरून हे जहाज सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले पोर्तुगीज व्यापारी जहाज असावे, असे संशोधकांनी ठरवले. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे साधारण त्याच काळात हे हस्तिदंत समुद्रात गेले.

दुसरे ठिकाण सेंट जॉर्जेस रीफ, त्याच परिसरात. इथे सोने-नाणे काही नाही. इथे मिळाली कौले! छपराची कौले, पन्हाळीवरची कौले, विटा, आणि भाजलेल्या मातीचे नक्षीदार खांब, खांबांचे शिरोभाग. त्यावर बासेल मिशनच्या कौल कारखान्याचा छाप आणि १८६५ हे साल. आपल्यापैकी ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांना मंगळुरी कौल सांगायला नको. विदर्भातही शाळा, दवाखाने, स्टेशनांवर ती दिसत. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातील मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौले जहाजांनी किनाऱ्याकिनाऱ्याने सगळीकडे जाऊ लागली. अशीच एक खेप या खडकाशी बुडाली.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपण पावर हाउस स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहून समोरच्या रुळाकडे नीट पाहा. त्याच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे असतात. कारखान्याचे नाव, रुळाचे मीटरमागे वजन, पोलादाची प्रत, महिना आणि वर्ष. त्यावरून रूळ कधी लाटला ते समजते. पण तो या जागी कधी टाकला ते समजत नाही. मेन लाइनवर आयुष्य काढलेला रूळ पुढे साइडिंगमध्ये टाकतात. म्हणून छाप पाहून इतकेच म्हणता येते की हा रूळ त्या सालाच्या आधी इथे असूच शकत नाही. कौलाचेही तसेच. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचे साल. जहाज त्यानंतर केव्हातरी बुडाले. दुसरी मर्यादाही काढता येते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या मिशनच्या कारखान्यांवर शत्रूशी संबंधित म्हणून टाच आणली आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. तेव्हा हा छाप असलेली कौले त्याआधीची. एका कौलावरून मागची आणि पुढची अशा दोन्ही हद्दी मिळाल्या.

तिसरे ठिकाण अमी शोल्स. शोल म्हणजे समुद्रातला उथळ भाग. इथे आहे आपल्या जिव्हाळ्याची वस्तू, म्हणजे वाफेवर चालणाऱ्या लोखंडी जहाजाचे अवशेष. बॉयलर, इंजिनाचे भाग, पाइपांच्या फ्लँज आणि भट्टीच्या विटा. भट्टीची वीट म्हणजे काय हे भिलाईकरांना वेगळे सांगायला नको, त्या विटांवर या गावातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. आमच्या खात्यातल्या जुन्या लोकांनी वाफेची इंजिने चालवली. मी ती फक्त प्लॅटफॉर्मवर शोभेसाठी ठेवलेली पाहिली. पण तत्त्व तेच. १८८० नंतर जहाजांत असे इंजिन आले की ज्यात एकच वाफ तीन सिलिंडरांत एकामागून एक वापरली जाई. पहिला लहान, दुसरा मोठा, तिसरा त्याहून मोठा. कोळसा वाचला की माल भरायला जागा वाचते, म्हणून हे इंजिन जगभर पसरले. तेव्हा समुद्रतळावर सिलिंडर किती आहेत, बॉयलर गोल आहे की चौकोनी, पत्रा रिव्हेट मारून जोडला आहे की वेल्डिंगने, एवढे मोजले तरी जहाजाचा काळ बराचसा ठरतो. त्याला इतिहासाची पदवी लागत नाही, फूटपट्टी आणि इंजिनाची ओळख लागते. मला हे वाचून फार बरे वाटले, हे कबूल करतो!

आता कुणी विचारेल, जहाज बुडाले तर जहाज कुठे आहे? लाकडी जहाजाचे लाकूड आपल्या उष्ण, खाऱ्या समुद्रात टिकत नाही. शिंपल्याच्या जातीचा एक लांबट प्राणी लाकूड पोखरून काही वर्षांत त्याची चाळण करतो. स्वीडनमध्ये १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले 'वासा' हे जहाज १९६१ मध्ये जवळजवळ अख्खे वर काढता आले, कारण तिथल्या बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट आहे आणि हा प्राणी तिथे जगत नाही. आपल्याकडे तसे नशीब नाही. आपल्याकडे उरतो तो माल, दगड, धातू आणि भाजलेली माती. म्हणूनच कुठली वस्तू कुठे पडली आहे याला आपल्याकडे फार किंमत आहे.

हे काम कसे चालते तेही थोडे सांगतो. समुद्रतळ आधी वरून तपासतात. जहाजावरून आवाजाच्या लहरी सोडायच्या आणि परत आलेल्या लहरींवरून तळाचे चित्र काढायचे. आमचे लोक रुळातली न दिसणारी भेग शोधायला अल्ट्रासॉनिक मशीन ढकलत नेतात, तीच युक्ती. लोखंड शोधायला चुंबकीय यंत्र. मग पाणबुडे उतरतात. नदीमुखाशी पाणी गढूळ, हात लांब केला तर पंजा दिसत नाही अशी अवस्था होते. पावसाळ्यात तर काम बंदच. वाळू काढायला फावडे चालत नाही. एक जाड पाइप घेतात, त्याच्या खालच्या टोकाला कॉम्प्रेसरची हवा सोडतात. हवेचे बुडबुडे वर जाताना पाणी आणि वाळू ओढून नेतात. वस्तू उघडी पडली की लगेच उचलायची नाही. आधी दोरीची चौकट आखायची, मोजायचे, पाटीवर चित्र काढायचे, फोटो घ्यायचा. पाण्याखाली लिहिता येते अशा पाट्या असतात.

याच ठिकाणी माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा येतो.

गाडी घसरली की पहिले काम माणसे वाचवणे. ते झाले की दुसरे काम पुरावा जपणे. चाक रुळावर चढले कुठे, खाली पडले कुठे, तिथपासून मागे ठरावीक अंतरापर्यंत रुळांची रुंदी आणि पातळी किती, तुटलेला तुकडा कोणत्या बाजूला पडला होता, हे सगळे मोजून, नकाशा काढून, सगळ्या खात्यांच्या सह्या घेऊन जॉइंट नोट तयार करतात. इकडे वरून फोन चालू असतात, लाइन केव्हा मोकळी होणार म्हणून. तरी मोजल्याशिवाय काही हलवायचे नाही. मी एका यार्डातले उदाहरण पाहिले आहे, नाव सांगत नाही. वॅगन घसरली होती. आम्ही पोचण्याआधी कुणीतरी चांगल्या मनाने रुळावर पडलेला स्प्रिंगचा तुटका तुकडा उचलून बाजूच्या ढिगात टाकला, पायात येऊ नये म्हणून. तुकडा सापडला. पण तो घसरण्याआधी तुटला की घसरल्यावर, हे सांगणारी गोष्ट तो कुठे पडला होता ही होती. ती गेली. चौकशीत दोन खाती महिनोन्महिने भांडत राहिली आणि खरे कारण शेवटपर्यंत कागदावर आले नाही. तुकडा हातात होता, पण त्याची साक्ष संपली होती.

बुडालेले जहाज म्हणजे जॉइंट नोट न झालेला अपघात आहे. ज्या दिवशी ते बुडाले त्या दिवशीचा पंचनामा समुद्राने तसाच ठेवला आहे. पाणघोड्याचा दात चिनी भांड्याच्या शेजारी पडला आहे म्हणून आपल्याला कळते की दोन्ही एकाच जहाजात होते. तो दात उचलून कुणी दिवाणखान्यात ठेवला तर तो नुसता दात उरतो. कौल उचलून बागेत मांडले तर ते जुने कौल उरते. असली कौले तर मोडक्या घरांवर हजारांनी मिळतात. खडकापाशी ते कोणत्या क्रमाने, किती थरांत रचलेले पडले आहे यावरून जहाज कसे भरले होते, कोणत्या बाजूला कलले, हे कळते. गोव्याच्या समोरच्या बेटांजवळ आज हौशी पाणबुडे आणि पर्यटक मोठ्या संख्येने जातात. त्यांचा हेतू वाईट नसतो. आमच्या यार्डातल्या त्या माणसाचाही नव्हता.

काही जण म्हणतात, जुन्या कागदपत्रांत सगळे लिहिलेले असते, समुद्रात कशाला शोधायचे? त्याला एक उत्तर याच मुरगाव बंदरात आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मनीची एहरनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही व्यापारी जहाजे आणि इटलीचे एक जहाज मुरगावला आश्रयाला येऊन थांबली होती. एहरनफेल्सवरून गुप्त संदेश पाठवले जातात असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री एका जुन्या बार्जमधून काही माणसे आली. ती होती कलकत्त्याच्या एका हौशी घोडदळ पथकातली, बहुतेक मध्यमवयीन, कंपन्यांत नोकऱ्या करणारी. त्यातले काही जण कोचीनपर्यंत आपल्यासारखे रेल्वेने गेले होते! त्यांनी एहरनफेल्सवर हल्ला केला, आणि जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून जर्मन-इटालियन खलाशांनी ती स्वतःच पेटवून बुडवली. तटस्थ देशाच्या बंदरात हे केलेले, म्हणून पस्तीस वर्षे याची वाच्यता झाली नाही. १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक आले तेव्हा जगाला कळले. कागद कपाटात कुलूपबंद राहू शकतो. बंदराच्या तळाशी पडलेले लोखंड कुणाच्या हुकमाने खोटे बोलत नाही.

मग वर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत, असाही प्रश्न येतो. वर काढणे सोपे आहे, टिकवणे कठीण आहे. लोखंड समुद्रात शंभर वर्षे राहिले की त्याच्या आत मीठ मुरते. पाण्यात असेपर्यंत ते एका प्रकारे शांत असते. बाहेर काढून उन्हात ठेवा, आतले मीठ स्फटिक धरते, हवेतला ओलावा ओढते, आणि तोफ डोळ्यांदेखत पापुद्रे धरून फुटते. म्हणून ती क्षाराच्या द्रावणात महिनोन्महिने ठेवून मीठ काढावे लागते. हस्तिदंत हळूहळू वाळवावे लागते, नाहीतर चिरते. वासा जहाजावर तर सतरा वर्षे औषधी द्रावणाची फवारणी चालू होती. म्हणून युनेस्कोने २००१ साली जो आंतरराष्ट्रीय करार केला, त्यात शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी पहिला पर्याय सांगितला तो हा, की जिथे आहे तिथेच जपा, आणि त्याचा बाजार करू नका. आपल्या देशाच्या १९७२ च्या कायद्यातही शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू मानली जाते, तिच्या विक्रीला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी नेता येत नाही.

हे सगळे ऐकून वाटेल की ही पोर्तुगीजांची, इंग्रजांची, जर्मनांची जहाजे, आपले त्यात काय? तर आपलेही एक आहे. इथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी ज्यांचे मूळ रायगड जिल्ह्यात आहे त्यांनी नाव घेण्याआधीच ओळखले असेल. रामदास बोट. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा दिवस, पावसाचा कहर. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली. रेवस हेही नदीमुखच, अंबा नदी धरमतरच्या खाडीतून तिथे समुद्राला मिळते. सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी गावी निघालेले चाकरमानी, बायका, मुले. रेवसच्या कोळ्यांनी मुंबईला विकायला नेत असलेली मासळी टाकून दिली आणि होड्यांत माणसे घेतली, म्हणून काही जण वाचले. मुंबईला बातमी कळेपर्यंत कित्येक तास गेले होते.

करारातली शंभर वर्षे रामदासला २०४७ मध्ये पुरी होतील. तोवर त्या दिवशी पाण्यातून वाचलेले, किनाऱ्यावर वाट पाहत उभे असलेले कुणी उरणार नाही. तिथे पाण्याखाली जे काही आहे ते कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी आत्या यांची जागा आहे. सुंची रीफच्या जहाजात किती माणसे होती, त्यांची नावे काय, कुणासाठी कोण रडले, हे आपण कधीच जाणणार नाही. रामदासच्या बाबतीत अजून घराघरांत ते ठाऊक आहे. ज्यांच्या घरी ती आठवण आहे त्यांनी ती लिहून काढावी. कोणत्या गावचे, कशासाठी निघाले होते, कोण परत आले. एक पान पुरे आहे. उद्या कुणी पाण्यात उतरून मोजमाप करील, तेव्हा त्याला लोखंडाशेजारी ते पान लागेल.

आपल्याकडे दहा दिवसांनी विसर्जन आहे. शाडूची मूर्ती आपण पाण्यात देतो ती विरघळून जावी म्हणून. जे विरघळण्यासाठी आहे ते विरघळू द्यावे. जे समुद्राने शंभर, तीनशे वर्षे राखले ते हलवू नये, आणि हलवायचेच तर आधी मोजावे. एवढे तारतम्य ठेवले तरी पुष्कळ आहे.

शेवटी मुलांसाठी आणि गोव्याला जाणाऱ्या मंडळींसाठी दोन गोष्टी सांगतो. समुद्रात किंवा ओहोटीच्या वाळूत जुने भांडे, नाणे, कौल, लोखंड दिसले तर उचलू नका. फोटो काढा, जागा नीट लिहून ठेवा आणि समुद्रविज्ञान संस्थेला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि दुसरी गोष्ट इथली, पावर हाउसची. १९५५ नंतर आपले वडील-आजोबा नागपूर, भंडारा, पुणे, कोकण इथून कारखान्यात आणि रेल्वेत आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या भट्टीचे उद्घाटन झाले तेव्हा त्यातले काही जण तिथे उभे होते. त्यांच्या ट्रंका, पितळी डबे, ड्यूटीचे पास, कंदील आपल्या माळ्यांवर पडले आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते कबाडीला जातात. जाऊ द्यायचे तर द्या, घरे लहान आहेत, मला कल्पना आहे. पण देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ही वस्तू कुणाची, कुठून आली, कोणत्या साली. ते उत्तर एका वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी मंडळाकडे द्या. आपल्या घरचा पंचनामा आपल्यालाच करावा लागणार आहे.

आरतीची वेळ झाली आहे, तेव्हा थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!